बुटाला तेल

आमच्या घरात कॅलिपर हा शब्द कोणी उच्चारत नसे. तशी बंदी कुणी घातलेली नव्हती, पण काही घरांत नवऱ्याचं नाव घेत नाहीत तसं आमच्याकडे हे नाव घेत नसत. पोलिओ झालेल्या पायाला लोखंडी सळया, चामड्याचे पट्टे आणि खाली जोडा असा जो सांगाडा बांधतात त्याला कॅलिपर म्हणतात. माझ्या डाव्या पायाला तो लहानपणापासून आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा बांधला तेव्हा आमच्या घरी सगळे त्याला कॅलिपरच म्हणत होते. मग मी आमच्या सावली गावच्या शाळेत जाऊ लागले आणि एक दिवस घरी येऊन सहज सांगितलं की शाळेत माझं नाव कॅलिपर आहे. मला त्याचं फारसं दुःख नव्हतं. आमच्या वर्गात एक भोपळा होता आणि एक ढेकूण होती, त्या मानाने माझं नाव इंग्रजी होतं. पण आईने ताटावरून मान वर केली, बाबांनी घास हातात धरून ठेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या पायातल्या वस्तूला घरात सगळे बूट म्हणू लागले. बूट घातला का, बुटाचा पट्टा तुटला का, बूट आणा. मला कुणी काही विचारलं नाही.

आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. जेवताना खरूज, हगवण, जंत या विषयांवर ती इतकी मोकळेपणी बोलायची की पाहुणे दुसऱ्यांदा भात घेत नसत. तिलासुद्धा हा एक शब्द जड जायचा. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. प्रत्येक वस्तूला तिच्या बरोबर नावाने हाक मारावी असा त्यांचा आग्रह होता. मुलांनी गुरुत्वाकर्षणाला 'खाली पडते ते' म्हटलं की ते बाकावर उभं करत. घरी आल्यावर मात्र तेही बूट म्हणायचे. माझं नाव करुणा. हे नाव आजाराच्या आधी ठेवलं होतं, हे मला आयुष्यभर लोकांना समजावून सांगावं लागलं आहे.

घरात चौथं माणूस म्हणजे आत्या, बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती जंगलाकडच्या तिच्या गावाहून आमच्याकडे आली ती कायमचीच. येताना तिने एक पितळेचा तांब्या, एक सूप आणि टोरीच्या तेलाचा डबा आणला. मोहाच्या बियांना आमच्याकडे टोरी म्हणतात. त्यांचं तेल उन्हाळ्यात पातळ असतं आणि थंडीत तुपासारखं थिजतं. त्याला एक कडसर, धुरकट वास असतो, तो एकदा घरात शिरला की जात नाही. आत्याचा त्या तेलावर जो विश्वास होता तो आईचा कुठल्याही औषधावर नव्हता. रोज संध्याकाळी चुलीजवळ बसून, वाटीत तेल कोमट करून ती माझा पाय चोळायची, आणि आठवड्यातून एकदा तेच तेल माझ्या बुटाच्या चामड्याला लावायची. चामडं कोरडं पडलं की चिरतं आणि मांडीला घासतं, म्हणून बाबा तिला आठवणीने विचारत, "बाई, बुटाले तेल लावलं का?" आत्या म्हणायची, "लावतो ना." ही आमच्या घरातली आरतीच होती म्हणा, आम्ही आरती करत नव्हतो म्हणून. आमच्या घराला, अंथरुणांना, माझ्या वह्यांना, बाबांच्या शाळेच्या सदऱ्यालाही त्या तेलाचा वास यायचा. आम्हाला तो येत नसे. पुढच्या सगळ्या गोष्टीत ही बाब लक्षात ठेवावी लागेल.

गाडी आली ती माझ्यासाठी, पण हेही कोणी बोललं नाही. एसटीची पायरी उंच असते. कंडक्टर चांगला असला तर हात देतो, फार चांगला असला तर कमरेत हात घालून उचलतो, आणि ते त्याहून वाईट. मी कॉलेजात जाऊ लागले त्या वर्षी बाबांनी एका तेंदूच्या ठेकेदाराकडून त्याची जुनी पांढरी गाडी घेतली आणि घरी येऊन सांगितलं की पावसात सायकलीवर शाळेत जायचा त्यांना कंटाळा आला आहे. शाळा आमच्या घरून दिसत असे. त्या गाडीच्या सीटखालून पुढे कित्येक वर्षं तेंदूच्या पानांचा चुरा निघत होता. बाबा गाडी चालवायचे ती खाचरातून औत हाकल्यासारखी; मागून येणारे बैलसुद्धा अस्वस्थ होत. मला त्यांनी राइस मिलच्या मागच्या मैदानात शिकवली, जिथे उकडलेल्या धानाचा वास सुटलेला असायचा आणि वाळत घातलेल्या धानावरून गाडी गेली तर मिलवाल्या बाया दोघांचाही उद्धार करायच्या. उजवा पाय माझा ठणठणीत आहे, त्यामुळे ब्रेक आणि ॲक्सिलरेटरचा प्रश्न नव्हता. क्लचसाठी मी बुटाच्या सळयांना गुडघ्यापाशी असलेलं कुलूप लावायची, खट् असा आवाज व्हायचा, आणि सरळ झालेला पाय कमरेतून पुढे ढकलायची. लायसनच्या साहेबाने मला मैदानात आठचा आकडा काढायला लावला, मग माझ्या पायाकडे पाहिलं, परत आठचा आकडा काढायला लावला, आणि सही केली. आता माझ्याकडे बिनक्लचची गाडी आहे आणि माझा डावा पाय नुसता बसून असतो, माझ्यासारखाच निवृत्त.

कॉलेज संपल्यावर गडचिरोलीच्या एका कचेरीत मला नोकरी लागली. हुकूम आला त्या दिवशी आईने बुंदी वाटली आणि रात्रीच्या जेवणाला आमच्याकडे तीन योजना तयार होत्या. आईचं म्हणणं, गडचिरोलीत कचेरीजवळ खोली घ्यावी. बाबांचं म्हणणंही खोलीच, पण घरमालकीण म्हातारी असावी. आत्याचं म्हणणं, नोकरी कशाला, पोरीले भात आहे घरी. मी म्हणाले की मी रोज गाडीने जाईन आणि गाडीने येईन, व्याहाडवरून वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली लांब नाही. झिंग्याची चटणी ताटात तशीच राहिली आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला खोली नको होती, यामागे धाडस वगैरे काही नव्हतं. कॉलेजच्या वसतिगृहात मी राहून आले होते, बाबा गाडीने फक्त सुट्टीला न्यायला-सोडायला यायचे. तिथे सगळ्या मुली माझ्याशी फार चांगल्या वागायच्या, पाणी आणून द्यायच्या, कपडे वाळत घालायच्या, आणि संध्याकाळी फिरायला जाताना हळूच न सांगता निघून जायच्या. मला माझ्या हाताने कुठेतरी जाऊन माझ्या हाताने परत यायचं होतं. एवढंच मला हवं होतं, आणि ते इतकं हवं होतं की रात्री झोप लागत नव्हती.

नेमकी त्याच आठवड्यात गाडी डावीकडे ओढायला लागली. ब्रेक मारला की डावं चाक धरायचं आणि सोडायचंच नाही. थोडं अंतर गेलं की चाक इतकं तापायचं की जवळ हात नेववत नसे. बाबांनी बंडूभाऊला बोलावलं. तो ट्रॅक्टर आणि जीपगाड्यांचा मिस्त्री होता आणि त्याचा आवाज ट्रॅक्टरवर बोलून बोलून वाढलेला होता. त्याने चाकाखाली डोकं घातलं आणि तिथूनच सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं सांगितलं, "गुरुजी, डावा कॅलिपर जाम आहे."

अंगणात मी होते, आई होती, आत्या तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं. आई माझ्याकडे न पाहता विहिरीकडे पाहू लागली. बाबा खोकले आणि म्हणाले, हो, ती पकड. बंडूभाऊ म्हणाला, पकड नाही, कॅलिपर. डिस्कला दोन्हीकडून दाबतो तो, त्याच्यातला पिस्टन गंजला असेल, रबरं गेली असतील, चंद्रपूरला पाठवा नाही तर आख्खा डावा कॅलिपर नवीन टाका, कमजोर डाव्या कॅलिपरवर पोरीला पुलावरून पाठवू नका. त्याच्या मनात काही नव्हतं. हा माणूस बोलत गेला आणि प्रत्येक वाक्यात तो शब्द येत गेला, आणि दर वेळी बाबांचा चेहरा मिरची चावल्यासारखा होत गेला. मी मात्र मनातल्या मनात गाडीकडे नव्याने पाहिलं. तिचाही डावाच होता.

बंडूभाऊ गेल्यावर बाबांनी हात पुसले, हात काळे झालेले नसतानाही, आणि मला सांगितलं, "ब्रेक मी सोता खोलीन. मले भरोसा आला तं चाबी तुही. नाई तं गडचिरोलीत खोली पाहू. मंग त्याच्यावर बोलाचं नाई." ते दुसऱ्या कुणाच्या हातात ते काम द्यायला तयार नव्हते. मीही तयार झाले, कारण खोली आणि माझ्यामध्ये आता तेवढा एक लोखंडाचा तुकडा होता.

काम अंगणात, चिंचेखाली सुरू झालं. मागच्या चाकांना दगड लावले, जॅकवर गाडी उचलली, चाक काढलं. बाबांनी कॅलिपरचे बोल्ट सोडवले आणि त्याचं वजन ब्रेकच्या नळीवर येऊ नये म्हणून तो तारेने वर टांगून ठेवला. मी आत बसून ब्रेक दाबत गेले तसा पिस्टन थोडा थोडा बाहेर सरकत आला आणि शेवटी ठप्प करून मध्ये धरलेल्या फळीवर आपटला. त्याच्यामागून ब्रेक ऑइल आलं, त्यातलं अर्धं वाटीत पडलं आणि अर्धं आत्याच्या निळ्या पाटावर. ब्रेक ऑइल रंग खातं, हे आम्हाला तेव्हा कळलं. तो पाट अजून माझ्याकडे आहे आणि त्यावरचा डाग बेंबळा तलावाच्या आकाराचा आहे असं बाबा म्हणायचे. बेंबळा तलाव कुठे आहे ते मला कधी नक्की कळलं नाही. पिस्टनवर एका बाजूला गंज धरला होता, तो बाबांनी बारीक पॉलिश पेपरने, शाळेत भिंगं पुसतात तसा हळूहळू काढला. आत एका खाचेत चौकोनी कडांची एक रबरी अंगठी होती, ती कडक झालेली होती. तीच पिस्टनला धरते आणि तीच परत सोडते, हे बाबांनी मला समजावून सांगितलं. बाहेरून धूळ जाऊ नये म्हणून चुण्यांचं एक रबरी आवरण असतं. तेही फाटलं होतं.

रबरं आणायला बाबा एसटीने चंद्रपूरला गेले आणि चुकीची घेऊन आले. मागच्या चाकाच्या, वाटीसारख्या रबरी टोप्या होत्या त्या. दुकानदाराने असं कसं दिलं म्हणून मी विचारलं, तर ते म्हणाले, मी ब्रेकच्या पकडीची रबरं मागितली. दुकानदाराने विचारलं असणार कुठली पकड, आणि बाबांनी हाताने काहीतरी गोल दाखवलं असणार. विज्ञानाचा शिक्षक माणूस, दुकानात मी नव्हते, आई नव्हती, आत्या नव्हती, तरी त्यांच्या तोंडून तो शब्द निघाला नाही. मला त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली. रुजू व्हायचा दिवस जवळ येत होता.

दुसऱ्या खेपेला मी बरोबर गेले. चंद्रपूरच्या त्या दुकानात टायर, पट्टे, आरसे छतापर्यंत लटकलेले होते आणि काउंटरवर गिऱ्हाइकांची दाटी होती. बाबांनी माझ्यासाठी वाट केली आणि तोंड उघडलं, तेव्हा त्यांच्या आधी मीच मोठ्याने म्हणाले, "भाऊ, डाव्या बाजूचा कॅलिपर किट द्या."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मग काउंटरवर वाकून माझ्या पायाकडे पाहिलं. त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. "ताई, थे आपल्याइथी नाई भेटत," तो म्हणाला. "थे नागपूरले, दवाखान्यात भेटते."

काउंटरवरच्या माणसांनीही वाकून पाहिलं. बाबा छताला टांगलेल्या आरशांत कुठेतरी पाहत होते आणि तिथे आम्ही दोघं आठ-दहा वेळा दिसत होतो. मी म्हणाले, माझा नको, माझा चांगला आहे, गाडीचा द्या. दुकानदार इतका ओशाळला की त्याने दोन्ही बाजूंचा किट काढला, प्रत्येक रबर काउंटरवर मांडून नावानिशी दाखवलं: हे सील, म्हणजे खाचेतली अंगठी, हे बूट. "बूट?" बाबांनी विचारलं. हो, तो म्हणाला, हे जे चुण्यांचं आवरण आहे त्याला आमच्या लाइनमध्ये बूट म्हणतात, बूट चांगला असला की कॅलिपर टिकतो. परतीच्या वाटेवर मूल गावाच्या स्टँडवर एसटी थांबली. तिथे बाबांनी शेंगदाण्याची पुडी घेतली, तिच्यातले अर्ध्याहून जास्त दाणे माझ्या हातावर ओतले, आणि म्हणाले की दुकानदार मनाने चांगला दिसला.

त्या दुपारी बाबांनी जुने लोखंडी भाग ब्रेक ऑइलने धुऊन नव्या रबरांसोबत आत्याच्या सुपात निथळत ठेवले. आत्या लगेच येऊन उभी राहिली, कारण सूप तिचं होतं. प्रत्येक वस्तूवर बोट ठेवून तिने हे का होय, थे का होय विचारलं, आणि बाबा एकेकाचं नाव सांगत गेले. पिस्टन. सील. बोल्ट. चुण्यांच्या रबरावर बोट आलं तेव्हा ते जरा थांबले आणि म्हणाले, "थे बूट होय." आत्याने मान डोलावली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

संध्याकाळी बाबा ओसरीवर शाळेचे पेपर तपासत बसले होते. आठवडा भरला होता. त्यांनी मान वर न करता नेहमीप्रमाणे विचारलं, बाई, बुटाले तेल लावलं का. आत्या म्हणाली, लावतो ना.

दुसऱ्या दिवशी कॅलिपर जोडला. रबर चमकत होतं ते पाहून बाबा खूश झाले आणि म्हणाले, बघ, आजकाल तेल लावूनच देतात. मी आत बसून ब्रेक दाबायची, ते चाकाजवळून निपल उघडून नळीतली हवा काढायचे. दाब. धर. सोड. दाब. धर. सोड. बाटलीत बुडबुडे येणं बंद झालं. पेडल पायाखाली घट्ट झालं. उन्हात चाक हाताने फिरवून पाहिलं तर भिंगरीसारखं फिरलं. आत्याने त्या दिवशी लाखोळीची डाळ आणि भात केला होता, तो आम्ही चिंचेखालीच खाल्ला, काळ्या हातांनी. मग दोन दिवस शाळेची तपासणी होती म्हणून गाडी तशीच उभी राहिली. रुजू व्हायच्या आदल्या सकाळी बाबा म्हणाले, चल, पुलापर्यंत जाऊन येऊ, तू चालव.

थंडी कडाक्याची होती. खाचरांवर धुकं बसलं होतं आणि कापलेल्या धानाच्या पेंढ्यांचे ढीग त्यात गुरं बसल्यासारखे दिसत होते. निघतानाच गाडी जड वाटली, पण मी तशीच पुढे नेली. व्याहाड येईपर्यंत स्टिअरिंग उजवीकडे धरून ठेवावं लागत होतं. मी ते धरून ठेवलं आणि समोर पाहत राहिले. बाबांनाही कळलं होतं, कारण ते खिडकीबाहेर चाकाकडे पाहत होते. पूल दिसू लागला तेव्हा ते म्हणाले, थांबव.

ते खाली उतरले. तळहात उलटा करून डाव्या चाकाजवळ नेला आणि झटकन मागे घेतला. मग नदीकडे तोंड करून तो हात सदऱ्याला पुसला. मी खिडकी खाली केली. बाबा जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "करुणा, आपण खोली पाहू. चांगली पाहू."

मला वाटलं होतं मी भांडेन. पण त्यांच्या आवाजात इतकी हार होती की माझ्याच्याने भांडवेना. मी दार उघडलं, बॉनेटला धरत चाकापर्यंत आले, गुडघ्याचं कुलूप काढलं आणि कशीबशी खाली बसले, नुसतं त्या चाकाकडे रागाने पाहायला. आणि मला वास आला. गरम लोखंडाचा, ब्रेकच्या पॅडचा, आणि त्याच्या खाली एक दुसरा. कडसर, धुरकट. घरात तो आम्हाला कधी येत नसे. इथे, नदीच्या थंड हवेत, उघड्या रस्त्यावर तो स्वच्छ ओळखू आला. गाडीच्या चाकातून माझ्या पायाचा वास येत होता.

मी म्हणाले, "बाबा, हे गाडीचं तेल नोहे. हे आत्याचं होय."

त्यांनी वाकून वास घेतला. पुन्हा घेतला. रस्त्याने एक सायकलवाला चालला होता, त्याने एक गुरुजी आणि एक पोरगी गाडीच्या चाकाला नाक लावून बसलेले पाहिले आणि तो लांबून गेला.

अगदी हळू, मध्ये मध्ये थांबत आम्ही घरी आलो. आत्या चुलीजवळ होती. बाबांनी तिला विचारलं की सुपातल्या सामानाला तिने काही लावलं होतं का. आत्याला प्रश्नच कळला नाही. "तूच तं म्हटलं बुटाले तेल लावजो म्हून," ती म्हणाली. "सुपातलं थे बूट होय म्हूनबी तूच सांगितलं. म्या दोन्ही बुटाले लावलं. त्या लहान्याले तं जरा जास्तच लावलं, लय आखडलं होतं." शेजारची ती अंगठीही कोरडी दिसली म्हणून तिने तिलाही चोळून चोळून तेल लावलं होतं. नाकारण्यासारखं तिला यात काहीच वाटत नव्हतं.

ब्रेकच्या रबराला ब्रेक ऑइलशिवाय दुसरं तेल चालत नाही. ते फुगतं, मग पिस्टनला धरतं ते धरतंच. त्यात थंडीने टोरीचं तेल थिजलेलं. बाबा हे आत्याला समजावून सांगू लागले आणि अडकले. बूट म्हणजे, ते म्हणाले, बाई, बूट म्हणजे आपल्या घरातला बूट वेगळा आणि हा बूट वेगळा, म्हणजे आपला जो बूट आहे तो खरं तर. तिथे ते थांबले. आईसुद्धा दवाखान्यात जायच्या तयारीत दारात येऊन उभी होती. मी ओसरीच्या कडेला बसले, पाय सरळ समोर ठेवला आणि म्हणाले, आत्या, माझ्या पायात आहे त्याला कॅलिपर म्हणतात. गाडीत आहे त्यालाही कॅलिपर म्हणतात. बूट फक्त ते रबर.

आत्याने माझ्या पायाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग बाबांकडे. "मंग इतके साल बूट बूट काऊन करून राह्यले?"

बाबा खाली बघत म्हणाले, "पोरीले वाईट वाटते म्हून."

"मले कोनी इचारलं?" मी म्हणाले. आणि मला रडू आलं. वाईट वाटून नाही. इतकी वर्षं तीन माणसं माझ्यासाठी एक शब्द तोंडात धरून बसली होती, आणि मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं की सोडा. आई माझ्याशेजारी बसली आणि दवाखान्यात उशिरा गेली, जे तिने माझ्या आठवणीत त्याआधी कधी केलं नव्हतं. आत्या मात्र रागावली होती. तिचं तेल वाया गेलं होतं.

दुकानदाराने ओशाळून दिलेला उजव्या बाजूचा किट तसाच पडून होता आणि रबरं दोन्हीकडची सारखीच असतात. बाबांनी चाक काढलं, मग पाना माझ्या हातात दिला आणि म्हणाले की आता तू कर, मी आत बसतो. मी आत्याच्या डाग पडलेल्या पाटावर बसले, डावा पाय गाडीखाली सरळ घातला आणि सगळं पुन्हा खोललं. खाच ब्रेक ऑइलने धुतली, पुसली, परत धुतली. नवी अंगठी बोटाने बसवली, पिस्टन दोन्ही अंगठ्यांनी सरळ आत ढकलला, बूट त्याच्या खाचेत चढवला. आत्या लांब, पार विहिरीजवळ बसून होती, दोन्ही हात पदराखाली घेऊन, सगळ्यांना दिसतील असे नाही पण निदान तेलाच्या डब्यापासून दूर. मग मी आतल्या माणसाला सांगू लागले. दाबा. धरा. सोडा. बाबा एकदाही चुकले नाहीत. विद्यार्थी म्हणून ते चांगले होते.

दुसऱ्या सकाळीही तितकीच थंडी होती. मी चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहिलं, ते फिरलं. आईने डब्यात पोळी आणि जवसाची चटणी दिली. आत्याने तिच्या तेलाच्या वासाचा हात माझ्या डोक्यावरून फिरवला. बाबा माझ्याबरोबर पहिला दिवस येतील असं मला वाटलं होतं. ते सदरा घालून, केस विंचरून तयारही होते. पण मी सीटवर बसले तेव्हा ते पलीकडच्या दाराकडे गेले नाहीत. त्यांनी खिशातून चावी काढली, खिडकीतून माझ्या हातात दिली, आणि खिडकीची कड धरून उभे राहिले. मी गाडी सुरू केली तरी त्यांनी कड सोडली नाही. त्यांचे ओठ हलत होते. शाळेत नवीन धडा सुरू करताना ते आधी मनात म्हणून पाहायचे, तसे.

"कॅलिपर नीट लावला ना?" त्यांनी विचारलं.

"कोणता?" मी म्हणाले.

"दोन्ही," बाबा म्हणाले, आणि त्यांनी खिडकी सोडली.